मेंढा पडला तरच गुण

वाचकांचे प्रश्न : नेमबाजी

मागील अंकात मेटॅलिक सिलुएट या नेमबाजीच्या प्रकाराचा ओझरता उल्लेख झाला आणि या महिन्यात खान्देशातून त्याच विषयावरची पत्रे आली. तो अंक ज्यांच्या हाती लागला नाही त्यांच्यासाठी खेळ थोडक्यात सांगतो. कोंबडी, रानडुक्कर, टर्की आणि मेंढा अशा चार प्राण्यांच्या आकारात कापलेल्या पोलादी आकृत्या ओळीने उभ्या करतात, आणि नेमबाज उभ्यानेच, कशाचाही टेकू न घेता, डावीकडून उजवीकडे एकेक आकृती पाडत जातो. आकृतीला गोळी नुसती लागून भागत नाही. ती आपल्या जागेवरून खाली पडावी लागते. खेळ मूळचा मेक्सिकोचा. तेथे पूर्वी जिवंत प्राणी बांधून त्यांच्यावर पैजा लागत. 1948 साली मेक्सिको शहरात त्यांच्या जागी पोलादी आकृत्या ठेवून स्पर्धा झाली आणि पुढे 1973 पासून अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या नियमांखाली तो तेथेही रुळला.

प्रश्न : मी रेल्वेतून निवृत्त झालो आहे. मुलगा नोकरीनिमित्त ॲरिझोनात राहतो. तेथील क्लबात लिव्हर-ॲक्शन, म्हणजे ट्रिगरभोवतीचा लिव्हर खाली-वर करून पुढचे काडतूस भरणाऱ्या रायफलींच्या सिलुएट स्पर्धा होतात आणि त्याला अशी रायफल विकत घ्यायची आहे. दुकानदार .45-70 काडतुसाची घ्या म्हणतो, मित्र .357 मॅग्नम काडतुसाची पुरे म्हणतो. मी एनसीसीत .22 चालवली होती, म्हणून तो मला विचारतो आहे. काय सांगावे?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : रायफलीच्या आधी व्हिसाचे पाहावे. आपले चिरंजीव एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असतील, तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने त्यांना बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. या मनाईला जे थोडे अपवाद आहेत त्यांत तेथील एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना हा नेहमीचा. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण येत नाही. मित्राची रायफल क्लबात 'नुसती हाताळून पाहू' म्हणणेसुद्धा या कायद्यात बाळगण्यातच मोडू शकते, म्हणून ही चौकशी वकिलाकडे किंवा क्लबाच्या पदाधिकाऱ्यांकडे आधीच झालेली बरी.

आता रायफल. लिव्हर-ॲक्शनच्या मुख्य स्पर्धेत कोंबडी 50 मीटरवर, रानडुक्कर 100 वर, टर्की 150 वर आणि मेंढा 200 मीटरवर असतो, आणि दुर्बीण लावता येत नाही. पाच आकृत्यांसाठी अडीच मिनिटे मिळतात, म्हणजे एका गोळीला अर्धा मिनिट. हे मी मुद्दाम सांगतो, कारण लिव्हर-ॲक्शन म्हटले की सिनेमातला घोडेस्वार डोळ्यांपुढे येतो आणि घेणारा दुकानात उभा राहून लिव्हर किती झटपट चालते तेच पाहत बसतो. या खेळात झटपट चालण्याला काडीचीही किंमत नाही.

किंमत आहे ती मेंढ्याला. हा मेंढा वीस किलोंहून जड असतो आणि सर्वांत दूर उभा असतो, म्हणून काडतूस निवडताना विचार त्याच्यापासून सुरू करावा आणि मग मागे कोंबडीकडे यावे. गोळी पोलादावर आदळते तेव्हा ती पाडते किंवा पाडत नाही हे बरेचसे तिच्या वजनाच्या आणि त्या क्षणीच्या वेगाच्या गुणाकारावर ठरते. .30-30 या काडतुसाची 170 ग्रेनची, म्हणजे सुमारे 11 ग्रॅमची गोळी नळीतून सेकंदाला 670 मीटरच्या आसपास वेगाने निघते आणि 200 मीटरवर पोहोचेपर्यंत तो वेग पाचशेच्या खाली आलेला असतो. तरीही मेंढ्याला ढकलण्यापुरता जोर तिच्यात उरतो. .357 मॅग्नम या पिस्तुलाच्या काडतुसाची गोळी वजनाने थोडीच हलकी, पण 200 मीटरवर तिचा वेग साडेतीनशेच्याही खाली गेलेला असतो. मेंढ्याच्या खांद्यावर वर लागली तर तो पडेलही. पायावर किंवा पोटाखाली लागली तर ठणकन वाजेल, थोडा हलेल आणि उभाच राहील. आवाज ऐकू येऊनही गुण न मिळणे यासारखा वैताग नाही. पिस्तुलाच्या काडतुसांसाठी या खेळात वेगळा गट आहे आणि त्याची अंतरे 100 मीटरपर्यंतचीच आहेत. मित्राचा सल्ला त्या गटासाठी अगदी योग्य आहे.

दुकानदाराच्या .45-70 ने मेंढा पडेल यात शंका नाही. पण स्पर्धा साधारणपणे चाळीस गोळ्यांची असते, सरावाच्या गोळ्या वेगळ्या, आणि या खेळात खांद्यावर जाड गादीचा कोट घालता येत नाही. विसाव्या गोळीनंतर खांदा आपोआप मागे सरकू लागतो, ट्रिगर दाबण्याआधीच डोळा मिटतो, आणि एकदा ही खोड लागली की ती सोडवायला महिने जातात. माझे मत विचाराल तर .30-30, आणि तीही सौम्य भरलेल्या काडतुसांची. .35 रेमिंग्टनही चांगले, पण काडतुसे मिळण्यात .30-30 ची बरोबरी दुसऱ्या कोणाला नाही. 1895 पासून ते चालत आले आहे.

काडतुसाचे एवढे झाले की बाकीचा सगळा विचार साइटचा, म्हणजे जिच्यातून नेम धरतात त्या खुणेचा करावा. कोंबडीसाठी बसवलेल्या साइटने मेंढ्यावर नेम धरला तर .30-30 ची गोळी फूटभर खाली जाते, म्हणजे पाठीवर धरलेला नेम पोटाखालून निघून जातो. चार अंतरांसाठी साइट चार वेळा वर-खाली करायची आणि दर वेळी ती पहिल्याच जागी परत यायला हवी. रायफलीबरोबर कारखान्यातून येणारी उघडी बॅकसाइट पायऱ्यांच्या पट्टीवर सरकते. एक पायरी फार वर, तिच्या खालची फार खाली. म्हणून रिसीव्हरवर, म्हणजे नळीमागच्या यंत्रणेच्या पेटीवर बसणारी, बारीक छिद्राची आणि खटक्या-खटक्याने सरकणारी पीप साइट घ्यावी आणि रायफलही अशीच घ्यावी की जिच्यावर ती नवे भोक न पाडता बसते. जुन्या रायफली घेणारे लोक लाकडाची चकाकी पाहतात आणि स्क्रूची भोके मोजायला विसरतात.

नावे सांगायची तर विंचेस्टर 94 आणि मार्लिन 336 ही या गटातली दोन जुनी घराणी. विंचेस्टर जॉन ब्राउनिंगने काढलेली, हलकी आणि बांधेसूद, पण तिच्या जुन्या नगांतून रिकामे काडतूस सरळ वर उडते. मार्लिन 336 बाजारात आली तीही 1948 सालीच, म्हणजे मेक्सिको शहरातल्या त्या स्पर्धेच्याच वर्षी. तिचे काडतूस बाजूने बाहेर पडते आणि वरचा भाग भरीव असल्याने साइट भक्कम बसते. मार्लिन कंपनी 2007 साली रेमिंग्टनकडे गेली, 2020 साली ती रुगरने घेतली, आणि मधल्या काळातल्या नगांबद्दल नेमबाजांच्या तक्रारी आहेत. वापरलेली घ्यायची असेल तर 2007 च्या आधीची शोधावी किंवा नवी रुगरची पाहावी. मी मार्लिनकडे झुकतो. तरी चिरंजिवांनी दोन्ही खांद्याला लावून पाहाव्यात : डोळे मिटून रायफल उचलावी, गाल दस्त्यावर टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. नळीच्या टोकाची फोरसाइट आपोआप पीपच्या मध्याशी दिसली तर ती रायफल त्यांची. मान वाकवावी लागली तर नाव कितीही मोठे असो, ती नको.

नळी 20 इंची आणि 24 इंची अशा दोन्ही मिळतात. उभ्याने नेम धरताना पुढचे वजन हाताचा थरथराट दाबते आणि दोन साइटमधले अंतर वाढते, म्हणून मी लांब नळीच्या बाजूने आहे. नळीखालच्या मॅगझीनला नळीशी जखडणारे बँड फार आवळलेले असले तर तापलेल्या नळीबरोबर नेम सरकतो, तेही पाहून घ्यावे. आणि हे सगळे परवडत असले तरी पहिले सहा महिने .22 ची लिव्हर-ॲक्शन चालवावी. मार्लिन 39ए, विंचेस्टर 9422, ब्राउनिंग बीएल-22 किंवा हेन्री, यांतली कोणतीही चालेल. .22 साठीही या खेळात स्वतंत्र गट आहे. आपली एनसीसीतली शिकवण तेथे थेट उपयोगी पडेल.

प्रश्न : आमच्या वरणगावच्या आयुध निर्माणीत 7.62 ची काडतुसे बनतात. .30 इंच म्हणजे 7.62 मिलिमीटरच. मग .30-30 च्या रायफलीत हे काडतूस का चालत नाही?
— एक वाचक, वरणगाव

उत्तर : आपला हिशेब बरोबर आहे, पण तो नळीच्या भोकाचा आहे. काडतूस बसते ते चेंबरमध्ये, आणि चेंबर पितळी कवचाच्या आकाराचे असते. .30-30 च्या कवचाला बुडाशी बाहेर आलेली कड आहे आणि रायफल त्या कडेवरच काडतूस तोलते. सैन्याच्या 7.62 बाय 51 ला तशी कड नाही, कवच घेराने मोठे आहे, आणि त्यातला दाब .30-30 च्या रायफलीला पेलणारा नाही. म्हणून हा प्रयोग कोणी मनातही आणू नये. शिवाय निर्माणीतली ती काडतुसे सैन्याची आहेत, आपल्या परवान्यावर मिळणारी नव्हेत.

आपल्या प्रश्नात आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि लिव्हर-ॲक्शन घेणाऱ्या प्रत्येकाने ती समजून घ्यावी. या रायफलींचे मॅगझीन नळीखालच्या नळकांड्यासारखे असते आणि काडतुसे त्यात एकामागे एक, नाकाला बूड लावून बसतात. सैन्याच्या काडतुसासारखी टोकदार गोळी तेथे असली तर झटक्यासरशी तिचे टोक पुढच्या काडतुसाच्या टिकलीवर आदळून ते मॅगझीनमध्येच फुटू शकते. म्हणूनच .30-30 ची गोळी पहिल्यापासून चपट्या नाकाची आहे. आता मऊ रबरी टोकाच्या गोळ्याही निघाल्या आहेत, त्या चालतात.

प्रश्न : आजोबांच्या नावावर एक जुनी विंचेस्टर आहे. नळीवर '44 डब्ल्यू.सी.एफ.' असे कोरले आहे. आजोबा आता पंचाहत्तरीचे आहेत. ती माझ्या नावावर करून सिलुएटचा सराव करता येईल का?
— एक वाचक, शहादा

उत्तर : त्या अक्षरांचा अर्थ .44-40, म्हणजे 1873 साली निघालेले, काळ्या दारूच्या जमान्यातले काडतूस. आजच्या .44 मॅग्नमशी त्याचा फक्त आकडा जुळतो, ते त्यात कधीही घालू नये. आणि योग्य काडतुसे आपल्याकडे बाजारात मिळत नाहीत, म्हणून सरावाची आशा या रायफलीवर ठेवू नये.

नावावर करणे मात्र शक्य आहे. शस्त्र नियम 2016 प्रमाणे परवानाधारकाचे वय सत्तर झाले किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षे असले तर तो हयात असतानाच वारसाला परवान्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात, तेव्हा घरात शेतीसाठीची बारा बोअर वगैरे आपल्या नावावर आधीच असेल तर मोजून घ्यावे. परवाना होईपर्यंत रायफल आजोबांच्या ताब्यातच राहू द्यावी. 'नातवाला जरा दाखवायला' म्हणून ती शहाद्याहून नंदुरबारला नेणेही गुन्हा ठरू शकते.

प्रश्न : परदेशी रायफल आणणे जमणारे नाही हे कळते. शेतावर एअर रायफलने हा खेळ खेळता येईल का?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : येईल, आणि अमेरिकेत त्याचाही रीतसर गट आहे. तेथे आकृत्या मूळच्या एक दशांश मापाच्या असतात आणि 20, 30, 36 व 45 यार्डांवर, म्हणजे साधारण 18, 27, 33 आणि 41 मीटरवर ठेवतात. मेंढा जेमतेम आठ सेंटीमीटर लांब, कोंबडी त्याच्याही निम्म्याहून लहान. गावातला वेल्डर जाड पत्र्यातून त्या कापून देईल, मात्र खाली बूड रुंद ठेवायला सांगू नये, नाहीतर छर्रा लागूनही कोंबडी हलणार नाही. .177 बोअरच्या आणि 20 ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. लिव्हरची हौस असेल तर कार्बन डायऑक्साइडच्या नळीवर चालणाऱ्या लिव्हर-ॲक्शन एअर रायफली आहेत, पण त्या दुबळ्या असतात आणि 41 मीटरच्या मेंढ्यापाशी धाप टाकतात. स्प्रिंगची साधी रायफल बरी.

छर्रे शिशाचेच वापरावेत, पोलादी गोळ्या पत्र्यावरून उलट डोळ्यांत येतात. चश्मा शिशाच्या छर्र्यांनाही हवाच. आकृत्यांमागे मातीचा बांध असावा आणि पलीकडे केळीच्या बागेत कोणी माणूस नाही याची खात्री दर वेळी करावी. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत उरकावे, कारण आपल्याकडे मे महिन्यात जमिनीवरची हवा अशी उकळते की तीस मीटरवरची टर्कीही पोहू लागते. ऊन बाजूने येत असले की फोरसाइटची एक कड चकाकते आणि नेम नकळत सरकतो. रायफल रिकामी करून कापराच्या ज्योतीवर फोरसाइट क्षणभर धरली तर तिच्यावर काजळी धरते आणि ती चकाकी जाते. काजळी सरावाच्या शेवटी कापडाने पुसून टाकावी.