आधी वाक्य, मग संदर्भ

प्रिय मित्रा,

तुझ्या मेलला जोडलेली यादी पाहिली. पेपर शोधून देणाऱ्या तीन टूलमधून उपसलेले दीडशे पेपर आणि खाली एकच प्रश्न : यातले कोणते साइट करू, म्हणजे प्रबंधात संदर्भ म्हणून देऊ? अरे, प्रश्नच उलटा आहे. हातात यादी आहे म्हणून संदर्भ द्यायचे नसतात. तुझ्या एखाद्या वाक्याला आधार लागतो, तेव्हा त्या वाक्यापुरता शोधायचा असतो. आधी वाक्य, मग संदर्भ. या पत्रात हे पुन्हा येणार आहे, कंटाळू नकोस.

तुझ्याच मसुद्यातलं वाक्य घेऊ : ‘ठिबक सिंचनामुळे पाण्याची बचत होते.’ पुढे पाच संदर्भ. पण बचत कुठे? एका प्लॉटवर हेक्टरी कमी पाणी द्यावं लागलं, ही एक गोष्ट. अख्ख्या खोऱ्यात पाणी उरलं, ही पूर्ण वेगळी. वॉर्ड आणि पुलिदो-वेलाझकेझ यांनी २००८ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या रिओ ग्रांदे नदीच्या वरच्या खोऱ्याचं प्रतिमान मांडून दाखवलं, की ठिबकला अनुदान दिल्यावर पाण्याचा एकूण खप वाढूही शकतो. पीक जास्त पाणी पितं, आणि पूर्वी शेतातून झिरपून भूजलात परत जाणारं पाणी घटतं. तुझ्या पाचांपैकी कोणी काय मोजलंय, ते बघितलंस का? टूलला हा फरक कळत नाही. त्याच्या लेखी सगळे ‘ठिबक’चे.

कनेक्टेड पेपर्स या टूलचा, प्रत्येक पेपर एक गोळा म्हणून दाखवणारा नकाशा तुला फार आवडलेला दिसतो. दोन गोळ्यांमधली रेघ म्हणजे एकाने दुसऱ्याला साइट केलं असं नव्हे. ती साम्याची रेघ आहे. साम्य मोजायच्या युक्त्या जुन्याच. दोन पेपरांच्या संदर्भसूचीत सामाईक नोंदी किती, ही केसलरची, १९६३ची. नंतरचे लेखक त्या दोघांना एकत्र किती वेळा साइट करतात, ही हेन्री स्मॉलची, १९७३ची. दुसरीला वेळ लागतो. गेल्या वर्षीच्या पेपरला अजून कोणी साइटच केलं नसेल, तर तो पहिलीच्या जोरावर दिसला तर दिसला. गोळा मोठा म्हणजे साइटेशन जास्त, एवढंच. मोठा दिसतो म्हणून लोक साइट करतात, आणि साइट करतात म्हणून तो आणखी फुगतो.

आता काम कसं करायचं ते. प्रकरण संदर्भांविना लिहून काढ. आधार हवा तिथे चौकटी कंस टाक आणि काय हवं ते नेमकं लिही : [ठिबकनंतर उसाखालचं क्षेत्र वाढलं का, महाराष्ट्रातली प्रत्यक्ष मोजणी]. मग एका कंसासाठी दोन-तीन बीज पेपर घे, म्हणजे जिथून शोध सुरू करायचा ते. त्यांची संदर्भसूची वाचून मागे जा. पुढे जायला गूगल स्कॉलरवर ‘साइटेड बाय’ उघड, साइट करणाऱ्या लेखांतच शोधायची चौकट टिक कर आणि तिथे ‘भूजल’, ‘महाराष्ट्र’ हे शब्द इंग्रजीत टाक. हजारोंची यादी वाचता येईल इतकी खाली येते. लागोपाठ दोन फेऱ्यांत ओळखीचेच पेपर येऊ लागले की थांब. नकाशा त्यानंतर उघड, काही निसटलं का एवढं पाहायला.

जो पेपर ठेवशील त्याची झोटेरोत, म्हणजे संदर्भ साठवायच्या टूलमध्ये, एक ओळीची टीप कर : काय मोजलं, कुठे, कोणत्या पानावर. ही ओळ लिहिता आली नाही तर पेपर वाचलेला नाही. साइट करू नकोस. जर्नलने मागे घेतलेला पेपर असेल तर झोटेरो लाल पट्टी दाखवतो, पण नोंदीत डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख क्रमांक, नीट हवा. साइट डॉट एआय हे टूल एखाद्या पेपरला साइट करणाऱ्यांपैकी ‘समर्थन’ किती आणि ‘विरोध’ किती असे आकडे देतं; ते वर्गीकरण यंत्राचं आहे. विरोध शून्य दिसला म्हणजे वाद नाही, असं समजू नकोस. आणि चॅटबॉटने दिलेला प्रत्येक संदर्भ डीओआय टाकून उघड. खरे लेखक, खरं जर्नल आणि अस्तित्वातच नसलेला लेख, असं मिश्रण तो बेमालूम करतो. कधी डीओआय खरा असतो, पण भलत्याच लेखाचा.

एवढा कीस कशाला, म्हणशील. १९८० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं : रुग्णालयात अफूजन्य वेदनाशामक दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी चौघांनाच व्यसन लागल्याची नोंद. २०१७ मध्ये त्याच जर्नलमध्ये हिशेब आला. पत्राला ६०८ साइटेशन. त्यांतल्या सुमारे ७२ टक्क्यांनी ते ‘व्यसन क्वचितच लागतं’ याचा पुरावा म्हणून वापरलेलं, आणि ८० टक्क्यांहून जास्त जणांनी हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते हे सांगितलंच नाही. अमेरिकेत या औषधांच्या व्यसनाची साथ कशी पसरली ते तुला ठाऊक आहे. पत्र खोटं नव्हतं. साइट करणाऱ्यांचं वाक्य त्याच्या आधाराबाहेर गेलं होतं.

तुझ्या विषयात आणखी एक अडचण. १९९९ चा महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाचा अहवाल, शासन निर्णय, मराठीतले पाणलोटाचे अहवाल यांना डीओआय नाही, आणि अशा नकाशांत त्यांचा गोळा सहसा उमटत नाही. ते ग्रंथालयात बसूनच शोधावे लागतील.

गाईड ‘वीस रेफरन्स वाढव’ म्हणाले, असं लिहिलंस. त्यांच्याशी भांडू नकोस. वीस कंस भरायचे राहिले असतील तर वीस वाढतील; सातच राहिले असतील तर सात. मला जुनाट म्हण हवं तर. टूलशी माझं वैर नाही, मी स्वतः ती वापरतो. पण वाक्य ठरण्याआधी त्यांना हात लावायचा नाही, हा हट्ट मी सोडणार नाही, आणि तुलाही सोडू देणार नाही.

पुढच्या मेलला यादी जोडू नकोस. दुसऱ्या प्रकरणाची पहिली तीन पानं पाठव, कंस रिकामे असले तरी चालतील.

तुझा,
एक हट्टी वाचक