परलौकिक की पारलौकिक?

प्रश्न असा आहे: मेल्यानंतरच्या जगावरची एक कल्पनारम्य लघुकादंबरी लिहून होत आलीय. नायक पोस्टमन, मेल्यावरही त्याचा बटवडा काही सुटत नाही. त्यातलं एक वाक्य, 'त्या परलौकिक टपाल कचेरीत दिवा नव्हता, तरी पाकिटांवरचे पत्ते वाचता येत होते.' मुद्रितशोधकाने 'पारलौकिक' करून पाठवलं. बरोबर कोण?

मुद्रितशोधक. 'इक' प्रत्यय लागला की शब्दाच्या पहिल्या स्वराची वृद्धी होते, म्हणजे अ चा आ, इ-ए चा ऐ, उ-ओ चा औ: समाज-सामाजिक, इतिहास-ऐतिहासिक. त्या हिशेबाने 'पारलोकिक' व्हायला हवं होतं. पण काही सामासिक शब्दांत दोन्ही पदांची वृद्धी होते. पाणिनीने त्यांचा 'अनुशतिकादि' असा वेगळा गणच केलाय. अधिभूत-आधिभौतिक, अधिदेव-आधिदैविक, तसंच परलोक-पारलौकिक. 'लौकिक' हा शब्द आधीच ओळखीचा, त्याला 'पर' चिकटवला की झालं, या समजुतीने 'परलौकिक' लिहिलं जात असावं.

काना दिला म्हणून वाक्य मात्र सुधारत नाही. मराठीत पारलौकिक हा ऐहिकचा जोडीदार, कीर्तन-प्रवचनात वाढलेला. त्याच्या मागोमाग पुण्य, श्राद्ध, मोक्ष असा सगळा गोतावळा येतो. धूळ खात पडलेल्या पाकिटांच्या कचेरीला तो फार सोवळा वाटतो. शिवाय हिंदी मालिका-बातम्यांच्या वळणाने 'पारलौकिक शक्ती' म्हणजे भुताटकी, असाही अर्थ हल्ली डोकावतो. 'अलौकिक' तर अजिबात नको. 'शाळेचा लौकिक' म्हणणाऱ्या भाषेत लौकिक म्हणजे नावही, आणि अलौकिक म्हणजे असामान्य: अलौकिक बुद्धिमत्ता, अलौकिक सौंदर्य. 'अलौकिक टपाल कचेरी' वाचून लोकांना वाटेल, पत्रं वेळेवर पोचत होती!

मी विशेषणच काढून टाकेन: 'परलोकातल्या त्या टपाल कचेरीत...' षष्ठी-सप्तमीने भागत असताना तत्सम विशेषण कशाला? हां, चित्रगुप्ताच्या दारावर 'पारलौकिक नोंदणी विभाग' अशी पाटी लावायची असेल तर जरूर लावा. सरकारी मराठीचा थाट तिथे शोभेल.

आणि पोस्टमन स्वतः बोलत असेल तेव्हा परलोकही नको. 'वरच्या हापिसात साहेब कोण आहे?' एवढंच त्याच्या तोंडी पुरे.