फिरायला गेलं की झाडंच दिसतात, देवाचं गौरव कसं दिसेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बायबलमधलं स्तोत्र 19 वाचतात, आकाश देवाचा महिमा वर्णितं हे ऐकायला बरं वाटतं, पण जळगावबाहेर पडलं की कपाशी, केळी आणि धूळच दिसते, मग मनन करायचं कशावर?

कपाशीवरच करा. तोरणमाळचा कडा बघून थक्क व्हायला विश्वास लागत नाही. मत्तय 6:28 मध्ये येशू रानातल्या फुलांबद्दल ‘लक्षात आणा’ म्हणतो, आणि तिथल्या मूळ ग्रीक क्रियापदात नीट शिकून घेण्याचा अर्थ आहे. त्याला वेळ द्यावा लागतो.

ऑगस्ट-सप्टेंबरात ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून वावरात जा. फवारणी झाली असेल तर तो आठवडा सोडा. सकाळी नुकती उमललेली तीन-चार फुलं निवडून त्यांच्या देठाला रंगीत दोरा सैलसर बांधा आणि तारीख लिहून ठेवा. एकाच फुलावर विसंबू नका, गळ होतेच. पहिल्या दिवशी फूल फिकट पिवळसर असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, मग सुकून गळतं आणि खाली इवलंसं बोंड राहतं. ते फुटायला साधारण दीड-दोन महिने. दर आठवड्याला तेच झाड, वीस मिनिटं. आधी बघा, दिसलं ते लिहा आणि मग वचन उघडा. उलट केलं की माणूस वचनात वाचलेलंच झाडावर शोधत बसतो.

फूल उमलतं त्याच सुमारास आत सरकीच्या सालीवरच्या पेशी लांबायला लागतात. कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे अशी एकच पेशी, जेमतेम तीन सेंटिमीटरपर्यंत वाढलेली. येशू म्हणतो, फुलं कष्ट करत नाहीत, कातत नाहीत, तरी शलमोन राजालाही तसा पोशाख नव्हता. कपाशीचं फूलही कातत नाही, पण आपल्या अंगावरचा सदरा त्याच्याच पोटातून येतो. रंग का बदलतो याचं उत्तर वनस्पतिशास्त्रात मिळतं, ते जरूर वाचा. विज्ञानाला न कळलेल्या फटीतच देव शोधायची सवय वाईट. उत्तर सापडलं की तो देव आक्रसतो.

कधी एखादं फूल उमलतच नाही, पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या चिकटलेल्या राहतात. ती डोमकळी, आत गुलाबी बोंडअळी असते. ती वगळून पुढे जाऊ नका. आधी मालकाला सांगा, आणि रोमकरांस पत्र 8:22 वाचा: सगळी सृष्टी कण्हत आहे. ज्याचं पीक गेलं त्याच्यापुढे मात्र देवाच्या योजनेवर प्रवचन नको. बायबलमधल्या दुःखी ईयोबाला उपदेश करत बसलेल्या त्याच्या मित्रांची चूक तीच होती.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. सृष्टी म्हणजे देव नव्हे. ख्रिस्ती विश्वासात ती त्याची हस्तकृती. रोमकरांस पत्र 1:20 नुसार तिच्यातून त्याचं सामर्थ्य आणि देवपण कळतं. क्षमेबद्दल कपाशी काही सांगत नाही. म्हणूनच स्तोत्र 19 सहा ओव्या आकाशाबद्दल बोलून सातवीत नियमशास्त्राकडे, म्हणजे देवाच्या आज्ञांकडे वळतं. तुम्हीही तिथे थांबू नका, चौदाही ओव्या वाचा.

कुणी बघत नसतानाही सृष्टी चालूच असते, याचं आपल्याकडचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण रानपिंगळ्याचं, म्हणजे रानातल्या एका छोट्या घुबडाचं. 1884 नंतर तो कुणा अभ्यासकाला दिसला नाही, नामशेष झाला असंच धरलं गेलं, आणि 1997 मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी सापडला. मधली 113 वर्षं तो तिथल्या रानात शिकार करत, पिल्लं वाढवत होताच. ईयोब 38:26 मध्ये देव माणूस नसलेल्या भूमीवरही पाऊस पाडतो. बघणारा असो नसो, हे चालूच असतं. त्या पिंगळ्याच्या मागे रानात धावू नका, विणीच्या काळात तर नाहीच.

पीक निघाल्यावर, डिसेंबर-जानेवारीत, अमावास्येच्या आसपास रात्री नऊनंतर शेतात बसा. ईयोब 38:31 मध्ये कृत्तिका आणि मृग दोन्ही आहेत. तेच मृग, ज्याच्या नावावर आपण जूनमध्ये पेरणी धरतो. कृत्तिकांच्या पुंजक्यात नुसत्या डोळ्यांनी सहा तारे मोजता येतात का बघा. मोबाइल खिशात ठेवा, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं तरी लागतात.