एकट्याला कंटाळा येईल असं काम

या वेळी आलेली बरीच पत्रं मुलांच्या निसर्ग-कला शिबिरांबद्दलची आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देते आहे.

प्रश्न : आम्ही काही पालक मिळून मुलांसाठी निसर्गावर आधारित कला शिबिर घेतो. गेल्या वेळी सगळ्यांनी मिळून एकच मोठं चित्र काढायचं ठरवलं. प्रत्यक्षात दोन मोठ्या मुलांनी कागद बळकावला, लहान मुलं कोपऱ्यात फुलं काढत बसली आणि एक जण रुसून उठून गेला. ‘मिळून करा’ असं आम्ही सारखं सांगत होतो. कुठे चुकलं?

सांगण्यात काही चुकलं नाही. काम चुकीचं निवडलं गेलं. चित्र हे मुळात एकट्यानं काढायचं काम. कागद कितीही मोठा घ्या, प्रत्येक मूल त्यात आपला तुकडा आखून घेणार आणि ज्याचा हात तयार तो जास्त जागा खाणार. शिबिरासाठी काम निवडताना मी एवढंच बघते, की हे एकट्यानं करायला मजा येईल का? येत असेल तर ते घरी करावं. त्यासाठी शिबिर कशाला?

माझं आवडतं काम म्हणजे उभा माग. दोन झाडांच्या किंवा भक्कम खांबांच्या मध्ये एक आडवी काठी मुलांच्या डोक्याच्या जरा वर बांधायची, दुसरी जमिनीपासून वीतभर उंचीवर. झाडाला बांधत असाल तर दोरी सालीला काचू नये म्हणून आत जुन्या कापडाची घडी घाला. दोन्ही काठ्यांमध्ये सुतळीचे उभे धागे, दोन-दोन बोटांच्या अंतरानं, चांगले ताणून. नायलॉनची दोरी नको. तिच्या गाठी सरकतात आणि दुपारपर्यंत सगळा माग लोंबायला लागतो.

विणायला लांब गवत, वाळलेल्या वेली, जुन्या कपड्यांच्या चिंध्या. मागाच्या दोन्ही बाजूंना एकेक मूल. इकडच्यानं वेलीचं टोक फटीतून पलीकडे द्यायचं, तिकडच्यानं ओढून पुढच्या फटीतून परत करायचं. एकट्याला हे जमत नाही असं नाही, पण रुंद मागावर हातभर लांब वेल घेऊन झगडताना इतका वैताग येतो, की मूल आपणहून कोणाला तरी हाक मारतं. तुमचं ‘मिळून करा’ ते हेच. फक्त ते मुलाच्या तोंडून आलं पाहिजे.

एका ओळीत वेल ज्या धाग्यावरून गेली, पुढच्या ओळीत ती त्याच धाग्याखालून जावी लागते. कोणी चुकलं की ओळ सैल पडते आणि घसरून खाली येते. मग मला तोंड उघडावं लागत नाही. पलीकडून आवाज येतोच, “अगं, तू दोन धागे सोडलेस!” आणि हे सांगणारी मुलगी बऱ्याचदा सगळ्यांत लहान असते, कारण तिचे डोळे नेमके त्या ओळीच्या उंचीवर असतात.

दांडगट मुलांसाठी नियम एकच: एक ओळ झाली की बाजू बदलायची आणि जोडीदारही बदलायचा. गाठी मारणं, वरच्या ओळी दाबून बसवणं ही ताकदीची कामं त्यांना द्या, खूश असतात. आणि जे मूल गर्दीत शिरत नाही त्याला ओढू नका. त्याला पानं-वेली रंगानुसार लावायला सांगा, फिकट पिवळ्यापासून काळपट हिरव्यापर्यंत. पुढे कोणता रंग जाणार हे त्याच्या ढिगांवर ठरतं, त्यामुळे थोड्या वेळानं विणणारी मुलंच त्याच्याकडे येऊन विचारू लागतात.

आता मोठ्यांसाठी. मुलं घरी गेल्यावर ते विणकाम ‘जरासं नीट’ करायला जाऊ नका. हे मी तळमळीनं लिहिते आहे, कारण संध्याकाळी हात शिवशिवणारे पालक मी पुष्कळ पाहिले आहेत. दुसऱ्या दिवशी मुलांना ते पहिल्या नजरेत कळतं.

प्रश्न : मुलगा शिबिराला गेला, रोज चिखलात माखून आला, पण शेवटी घरी आणायला काहीच नाही. मग शिकला काय?

वस्तू घरी आली नाही म्हणजे काम झालं नाही असं नसतं. ब्रिटिश शिल्पकार अँडी गोल्ड्सवर्दी पानं, काटे, दगड, बर्फ यांतून कामं करतात. त्यातली बरीचशी वारा, पाऊस, ऊन यांत नाहीशी होतात आणि मागे फोटो राहतो. शिबिरवाल्यांकडे फोटो मागा आणि मुलाला विचारा, “यातलं तू काय केलंस?” “काय शिकलास?” असं मात्र विचारू नका, उत्तर ‘काही नाही’ असंच येईल.

आयोजकांना माझी एक सूचना आहे: जाताना प्रत्येकाच्या हातात एक पानाचं घासचित्र द्या. पान उलटं ठेवायचं, म्हणजे शिरांची उठावाची बाजू वर येते. त्यावर पातळ कागद ठेवून रंगीत खडू आडवा धरून हलक्या हातानं घासायचा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि आईबाबांचीही समजूत निघते.

प्रश्न : समितीतल्या काहींचं म्हणणं आहे, की उत्कृष्ट कलाकृतीला बक्षीस ठेवलं तर मुलं मन लावून काम करतील. तुमचं मत?

ठेवू नका. 1973 साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तीन ते पाच वर्षांची, चित्रं काढायला मुळातच आवडणारी मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना ते अचानक दिलं, काहींना दिलंच नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळात कोण आपणहून चित्रं काढतं हे पाहिलं, तर आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ त्यात घालवत होती. अचानक प्रमाणपत्र मिळालेल्यांचा उत्साह तसा घटला नव्हता.

आणि मागावरच्या विणकामात उत्कृष्ट ओळ कोणाची हे ठरवायला समितीतलं कोण बसणार आहे, तेही एकदा विचारून पाहा.

प्रश्न : फुलांपासून रंग केले, सुंदर दिसले, पण आठवड्याभरात चित्र फिकं पडलं. टिकणारा नैसर्गिक रंग कोणता?

माती. बहुतेक फुला-पानांचे रंग उजेडात विटतात, त्याला इलाज नाही. मातीतला तांबडा-पिवळा रंग लोहाच्या संयुगांचा असतो आणि तो उन्हाला दाद देत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लोम्बोस गुहेत शिंपल्यांमध्ये कालवलेलं गेरूचं मिश्रण सापडलं आहे, सुमारे 1,00,000 वर्षांपूर्वीचं. म्हणजे तुमच्या शिबिराला परंपरा मोठी आहे!

कृती अगदी सोपी आहे, फक्त घाई करू नका. वेगवेगळ्या ठिकाणची माती आणायला मुलांना पाठवा. एकाच वाटेवर तीन-चार छटा मिळतात, आणि एरवी सगळी माती ‘मातकट’ म्हणणारी मुलं त्यानंतर भांडून सांगतात, की ही जास्त तांबूस आहे. खडे, मुळं काढा, ढेकळं फोडा. मग पाण्यात चांगली ढवळा आणि दहा आकडे मोजा. तेवढ्यात जाड रेती तळाला बसते. वरचं गढूळ पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात ओता. हेच पुन्हा एकदा करा. ते पाणी रात्रभर ठेवलं की तळाशी लोण्यासारखा गाळ बसतो. तो हाच रंग. वरचं नितळ पाणी काढून टाका, गाळ वाळवा, कुटा आणि डिंकाच्या पाण्यात कालवा. डिंक कमी पडला तर वाळल्यावर रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर चकाकतो आणि तडकतो. प्रमाण मुलांनाच कागदाच्या तुकड्यांवर करून पाहू द्या. पिवळी माती पत्र्यावर चांगली तापवली तर तिच्यातलं पाणी जाऊन ती तांबडी होते. हे तापवायचं काम मोठ्यांनी करायचं, मुलांनी लांबून बघायचं. बघताना एकजात सगळी गप्प असतात.

या कामातही माझी अट पाळली जाते. ढवळणारा, मोजणारा, ओतणारा, भांडं धरणारा असे चार हात लागतातच.

प्रश्न : पानं-फुलं गोळा करताना काय काळजी घ्यावी?

नियम एकच ठेवा: जमिनीवर पडलेलं उचला, झाडावरचं तोडू नका. आदल्या दिवशी स्वतः परिसर फिरून या. कण्हेर आणि धोतरा विषारी आहेत, त्यांची पडलेली फुलं-पानंही घेऊ नयेत. शेर-निवडुंगासारख्या झाडांचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते, तेव्हा तुटल्यावर चीक येणारं काहीही बाजूला ठेवा. ओळखू न येणारं पानसुद्धा घेऊ नका. मुलांना ही झाडं लांबून दाखवून ओळखायला शिकवा, मग तीच एकमेकांवर लक्ष ठेवतात. कोणाला ॲलर्जी आहे का, ते पालकांकडून आधीच लिहून घ्या, आणि खाण्याआधी प्रत्येकाचे हात साबणानं धुऊन घ्या, नखांसकट.