60,000 एकरकमी की महिना 4,000 वाढ? आधी एप्रिलचं विचारून घ्या

चाकणच्या एका कंपनीत परचेसला असलेल्या वाचकांचा प्रश्न आहे. सहा वर्षं झाली, सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) 5.40 लाख म्हणजे महिना 45,000, त्यात बेसिक म्हणजे मूळ पगार 22,000, हातात साडेअडतीस हजाराच्या आसपास. हाताखालचा मुलगा मार्चमध्ये सोडून गेला, ती जागा भरलीच नाही, त्याचं पण काम हेच बघतात. म्हणून पगारवाढ मागितली तर साहेब म्हणाले, दिवाळीला एकरकमी 60,000 घे नाहीतर नोव्हेंबरपासून सीटीसीत महिना 4,000 वाढवतो, काय ते सोमवारी सांग. इकडे पतसंस्थेत बायकोच्या पाटल्या गहाण आहेत, 50,000 चं कर्ज, 12 टक्के व्याज, त्यामुळे मन 60,000 कडे ओढतंय.

दादा, टॅक्सचं डोक्यातून काढून टाका, नव्या रिजीममध्ये पगारदाराला 12.75 लाखांपर्यंत टॅक्स लागत नाही, तुम्ही त्याच्या निम्म्यावर पण नाही. आता वाढीचं बघू. 4,000 प्रमाणे 60,000 व्हायला पंधरा महिने लागतात आणि पुढचं सगळं वरकड, शिवाय दरवर्षीचं इन्क्रिमेंट वाढलेल्या आकड्यावर बसतं. 8 टक्के धरलं तर तीन वर्षांत दीड लाखाच्या वर जातं.

पण हे 4,000 सीटीसीतले आहेत, हातातले नाहीत. तुमचा पीएफ 2,640 कापला जातो, 22,000 चे 12 टक्के, म्हणजे पूर्ण बेसिकवर कापतात. मग वाढ बेसिकमध्ये घातली तर 4,000 मधूनच कंपनीचा 12 टक्के पीएफ आणि ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना कंपनी देते ती रक्कम) तरतूद बाजूला निघणार, बेसिक वाढणार साधारण 3,400 नी, त्यातून तुमचा पीएफ कापून हातात येणार तीन हजार. पहिला पगार बघून हिरमोड होतो लोकांचा. खरं तर पैसे कुठे गेलेले नसतात, त्यातले बरेचसे पीएफमध्ये तुमच्याच नावावर पडलेले असतात. आणि ग्रॅच्युइटीची एक गंमत बघा, ती शेवटच्या पगारावर काढतात आणि त्यात बेसिक धरतातच, तो आकडा भागिले 26 गुणिले 15 गुणिले वर्षं, म्हणजे आज बेसिक 3,400 नी वाढलं तर मागच्या सहाही वर्षांची ग्रॅच्युइटी आपोआप वाढते, जवळपास बारा हजारांनी. हे एकरकमीत मिळत नाही. तेव्हा वाढ स्पेशल अलाउन्समध्ये घालतो म्हणाले तर बेसिकमध्येच मागा.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल मग ठरलं, वाढच घ्यायची. थांबा जरा.

तुमच्याकडे इन्क्रिमेंट एप्रिलला होतं असं तुम्हीच लिहिलंय, गेल्या वर्षी 8 टक्के मिळालं. 45,000 चे 8 टक्के म्हणजे 3,600. आता नोव्हेंबरला 4,000 दिले आणि एप्रिलला साहेब म्हणाले की अरे तुझं तर आत्ताच केलंय, तर काय करणार? मग तुम्हाला खरं मिळालं काय, तर नोव्हेंबर ते मार्च पाच महिन्यांचे 20,000 आणि पुढे महिना फक्त 400 जास्त. त्यापेक्षा 60,000 घेऊन एप्रिलचं इन्क्रिमेंट वेगळं घेतलेलं केव्हाही बरं. माझं स्वतःचं असंच झालं होतं, पहिल्या नोकरीत ऑगस्टमध्ये वाढ मिळाली म्हणून सगळ्यांना पेढे वाटले आणि एप्रिलच्या लेटरवर जुनाच आकडा, विचारायला गेलो तर एचआरच्या बाई म्हणाल्या, तुमचं मिड-इयर झालं ना. पेढे चारशेचे होते, अजून लक्षात आहे.

म्हणून सोमवारी हो किंवा नाही सांगायच्या आधी एवढंच विचारा, एप्रिलचं इन्क्रिमेंट या वाढीव पगारावर वेगळं होणार का, आणि तसं मेलवर मिळेल का. मिळालं तर डोळे झाकून 4,000. टोलवाटोलवी झाली, "बघू तेव्हा" आलं, तर 60,000 घ्या, पण त्यात पण वर्षभर सोडून जायचं नाही, गेलास तर परत कर अशी अट आहे का ते आधी वाचा. आणि सहा महिन्यांत दुसरीकडे जायचा विचार असेल तर तो हिशोब वेगळा, तिथे एचआर जुनी सॅलरी स्लिप मागतात, तिच्यावरचा आकडा मोठा असलेला बरा.

अजून एक, तुम्ही साहेबांना मुलाच्या फीचं सांगितलंत ते नसतं सांगितलं तर चाललं असतं. फी प्रत्येकाच्याच घरी आहे, साहेबांच्या पण. तुमच्या हातात त्याहून पक्कं काहीतरी आहे, मार्चपासून एका माणसाचा अख्खा पगार कंपनीचा वाचतोय आणि ते काम अडलेलं नाही. सोमवारी तेच बोला, त्याच्या डेस्कवरचे कुठले व्हेंडर आता तुमच्याकडे आहेत ते कागदावर लिहून न्या. 4,000 चे 5,000 करा म्हणायला पण हरकत नाही, फार तर नाही म्हणतील, 4,000 कुठे जात नाहीत.

आता पाटल्या. वाढ घेतली तर हातात येणारे तीन हजार दर महिन्याला तिकडेच भरा, दीड वर्षात कर्ज फिटतं आणि सगळं मिळून व्याज पाच हजाराच्या आसपास जातं. फक्त पतसंस्थेत थोडे थोडे मुद्दल भरून घेतात का की मुदत संपल्यावर एकदमच लागतं, हे शनिवारीच जाऊन विचारा. एकदमच लागत असेल आणि मुदत मार्चच्या आत संपत असेल तर मला परत लिहा, कारण मग माझं पण उत्तर 60,000 कडे झुकेल.