शाळा बांधायला नेपाळला जायचे आहे: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

दोन अंकांपूर्वी या सदरात नेपाळमधील भूकंपानंतरच्या शाळाबांधणीविषयी एक लहानसे टिपण दिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे ‘आम्हांलाही तेथे जाऊन काम करावेसे वाटते, कसे जावे?’ अशा विचारणेची आहेत, म्हणून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो असून पत्नी प्राथमिक शिक्षिका होती. एका प्रवास कंपनीने नेपाळमध्ये दोन आठवडे राहून शाळेच्या बांधकामावर श्रमदान करण्याची योजना आमच्यापुढे ठेवली आहे. आमचा तेथे खरोखर काही उपयोग होईल काय? (एक वाचक, सांगली)

उपयोग निश्चित होईल, मात्र तो विटा वाहण्याने होणार नाही आणि दोन आठवड्यांत तर मुळीच होणार नाही.

२५ एप्रिल २०१५ रोजी गोरखा जिल्ह्यातील बारपाकजवळ केंद्र असलेला ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि १२ मे रोजी दोलखा भागात ७.३ तीव्रतेचा दुसरा धक्का बसला. सुमारे नऊ हजार माणसे मृत्युमुखी पडली आणि हजारो शाळांच्या वर्गखोल्या कोसळल्या किंवा निकामी झाल्या. पहिला धक्का शनिवारी दुपारी बसला, आणि नेपाळमध्ये साप्ताहिक सुटी शनिवारची असल्यामुळे वर्ग रिकामे होते. तो दिवस शुक्रवार असता तर काय झाले असते, याची कल्पना आपल्यासारख्या बांधकाम जाणणाऱ्या माणसाला सहज करता येईल.

डोंगराळ भागातील या शाळा का पडल्या, हे आपल्याला सांगण्याची खरे तर आवश्यकता नाही, कारण ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील घरे ज्या कारणांनी पडली, त्यांतील मुख्य कारण येथेही होते. मातीत रचलेली दगडी भिंत बाहेरून एकसंध दिसते, पण प्रत्यक्षात त्या दोन स्वतंत्र भिंती असतात, मधल्या पोकळीत दगडगोट्यांची भर असते आणि दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे आरपार दगड घातलेले नसतात. जमीन हलली की दोन्ही अंगे एकमेकांपासून सुटतात आणि भिंत पोटातून फुटते. आपल्याकडे त्यावर माळवदाच्या मातीचे ओझे होते. तेथे छप्पर बहुधा हलके, पत्र्याचे, पण दोन्ही टोकांना आढ्यापर्यंत चढवलेली दगडाची त्रिकोणी भिंत आधी आत कोसळते. म्हणूनच नव्या बांधकामात हा त्रिकोण दगडाने न भरता पत्र्याने किंवा लाकडाने बंद करतात, आणि जोत्यावर, खिडकीखाली व दारे-खिडक्यांच्या माथ्यावर सलग पट्टे घालून चारही भिंती एकमेकींना बांधून घेतात.

हे ज्याने आयुष्यभर केले आणि तपासले आहे, अशा माणसाची खरी गरज देखरेखीसाठी असते. एकच उदाहरण पाहा. खांबातील उभ्या सळयांभोवतीच्या रिंगांची टोके १३५ अंशांत आत वळवून काँक्रीटच्या गाभ्यात गाडावी लागतात. ९० अंशांत वाकवलेली रिंग वाकवायला सोपी आणि बांधायला झटपट, त्यामुळे कोणी लक्ष ठेवले नाही तर कामावर तीच पडते. भूकंपात वरचे काँक्रीट उडाले की ती रिंग उघडते आणि सळया बाहेर फुगतात. काँक्रीट ओतल्यावर हे कोणालाही दिसत नाही. ओतण्याच्या आदल्या दिवशी हातात टेप घेऊन प्रत्येक खांबाजवळ बसणारा, रिंगांमधील अंतर मोजणारा आणि चुकलेली रिंग शांतपणे सोडवून पुन्हा बांधायला लावणारा एक अनुभवी माणूस वीस हौशी मजुरांपेक्षा अधिक मोलाचा ठरतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र हे काम अधिकारपदाचे समजून करू नये. २०१५ च्या राज्यघटनेनंतर नेपाळमध्ये शालेय शिक्षणाची जबाबदारी ७५३ स्थानिक पालिकांकडे गेली आहे. गावपालिकेला ‘गाउँपालिका’ म्हणतात आणि सामुदायिक शाळेचा कारभार विद्यालय व्यवस्थापन समिती पाहते. नकाशे मंजूर असतात, पालिकेचे तंत्रज्ञ मोजमाप घेतात, आणि पाहुण्या अभियंत्याने जागेवर आराखडा बदलणे तेथेही तितकेच बेकायदा आहे जितके आपल्या जिल्हा परिषदेत होते. प्रवास कंपनीला प्रथम हे विचारावे की शाळेचे नाव काय, व्यवस्थापन समितीचे मागणीपत्र आहे काय, आणि बांधकामाची तांत्रिक जबाबदारी कोणाच्या सहीने घेतली जाते. या तीन गोष्टींची लेखी उत्तरे मिळाली नाहीत तर ती सहल आहे असे समजून, सहलीच्या दृष्टीने आवडली तरच जावे.

कालावधीविषयी बोलायचे तर स्लॅब ओतल्यावर सेंटरिंग काढण्यापूर्वीच कित्येकदा दोन आठवडे निघून जातात, आणि त्या काळातील मुख्य काम पाणी मारणे हेच असते. आपण सलग सहा आठवडे देऊ शकलात, किंवा पायाच्या वेळी एकदा व खांब-पट्ट्यांच्या वेळी पुन्हा एकदा गेलात, तर आपल्या अनुभवाचे चीज होईल. आपल्या पत्नीने वर्ग ताब्यात घेऊन शिकवण्यापेक्षा तेथील शिक्षकांबरोबर बसावे, हे मी आग्रहाने सुचवीन. द्विशिक्षकी शाळेत एकाच वेळी दोन-दोन इयत्ता सांभाळण्याचे तंत्र आपल्याकडील प्राथमिक शिक्षकांना जसे अवगत असते तसे फार थोड्यांना असते, आणि डोंगरातील कमी पटाच्या शाळांना नेमकी तीच अडचण आहे. लिपी देवनागरीच असल्याने पाठ्यपुस्तक वाचायला त्यांना फारसा त्रास होणार नाही.

प्रश्न : माझी मुलगी कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला सुटीत अशा शिबिराला जायचे आहे, पण आयोजक लाखाच्या घरातली रक्कम मागत आहेत. श्रम आपणच करायचे आणि पैसेही आपणच द्यायचे, हे योग्य आहे काय? (एक पालक, पुणे)

पैसे मागितले म्हणून आयोजक लबाड ठरत नाहीत. राहणे, जेवण, वाहतूक, विमा आणि सोबतीच्या माणसाचा पगार कोणीतरी भरलाच पाहिजे आणि तो गावाने भरावा अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. आपण विचारायचे ते इतकेच की या रकमेपैकी शाळेच्या खात्यावर किती जमा होतात. सरळ आकडा सांगणारा आयोजक निम्मा विश्वास तेथेच मिळवतो. देणगीच्या पावतीवर प्राप्तिकरात ८०जी ची सवलत मिळेल असे कोणी सांगत असेल, तर ती पावती भारतात नोंदणी झालेल्या आणि तशी मान्यता असलेल्या संस्थेची आहे की नाही हे पाहावे. परदेशी संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर ही सवलत मिळत नाही.

मजुरीचा प्रश्न अधिक अवघड आहे. नेपाळच्या डोंगरी जिल्ह्यांतील तरुण आखाती देशांत आणि मलेशियात कामाला जातात, त्यामुळे भूकंपानंतर कुशल माणसांची टंचाई खरोखरच जाणवली आणि हजारो गवंड्यांना (तेथील शब्द ‘डकर्मी’) भूकंपरोधक बांधकामाचे प्रशिक्षण द्यावे लागले. परंतु टंचाई गवंड्याची होती, घमेले उचलणाऱ्या बिगाऱ्याची नव्हे. आपल्या मुलीने फुकट उचललेले प्रत्येक घमेले गावातील एखाद्या बाईच्या रोजंदारीतून वजा होऊ शकते, आणि तिने रचलेला विटांचा थर संध्याकाळी गवंड्याला उतरवून पुन्हा रचावा लागला तर गावाचे दुप्पट नुकसान होते.

तरीही तिला जाऊच देऊ नये, असे मी म्हणणार नाही. या परंपरेला मोठा आणि आपल्याशी जोडलेला इतिहास आहे. स्वित्झर्लंडचे अभियंते पिएर सेरेसोल यांनी पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, फ्रान्समधील व्हर्दंजवळ उद्ध्वस्त झालेले एक गाव उभारण्यासाठी निरनिराळ्या देशांच्या स्वयंसेवकांचे श्रमशिबिर भरवले आणि त्यातून पुढे आंतरराष्ट्रीय नागरी सेवेची चळवळ उभी राहिली. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपाने नेपाळ आणि बिहार दोन्ही हादरल्यावर तेच सेरेसोल मोजक्या सहकाऱ्यांसह उत्तर बिहारात आले, राजेंद्रप्रसादांच्या मदतकार्याशी जोडले गेले आणि तेथील शेतकऱ्यांबरोबर नव्या वस्त्या बांधण्याच्या कामाला लागले. ते एकदा येऊन गेले नाहीत. पुढील काही वर्षे पुन्हा पुन्हा आले. नेपाळमध्येच एडमंड हिलरी यांनी १९६१ साली खुमजुंगची शाळा उभारली, ती तेथील शेर्पांनी मागितली होती म्हणून, आणि २००८ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी त्या भागाशी संबंध तोडला नाही. या दोन्ही माणसांना गावाने काय मागितले ते आधी ऐकायचे आणि काम संपल्यावरही यायचे, हे ठाऊक होते. आपल्या मुलीला शाळेचे वाचनालय लावणे, पुस्तकांची नोंदवही करणे, समितीचा जमाखर्च संगणकावर भरणे, अशी कामे मिळत असतील आणि बांधकामावर ती गवंड्याच्या हाताखाली शिकाऊ म्हणून उभी राहणार असेल, तर जरूर पाठवावे.

एक सूचना मात्र कठोरपणे करतो. सकाळी शाळा बांधणे आणि दुपारी अनाथाश्रमातील मुलांशी खेळणे, असा जोड कार्यक्रम असेल तर तो नाकारावा. नेपाळमधील अनेक बालगृहांत आईवडील हयात असलेली मुले आणून ठेवल्याचे उघड झाले आहे, आणि पैसे देणाऱ्या पाहुण्यांचा ओघ हे त्यामागील एक कारण आहे. जो आयोजक मुलांजवळ जाणाऱ्या प्रत्येकाकडे पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र मागतो, त्याचा राग न मानता त्याच्याविषयी चांगले मत करून घ्यावे.

प्रश्न : आम्ही काही मित्र पदरच्या खर्चाने एका जुन्या शाळेची डागडुजी आणि रंगकाम करून देणार आहोत. काय काळजी घ्यावी? (मित्रमंडळ, नाशिक)

रंगाचा डबा उघडण्यापूर्वी भिंती तपासून घ्याव्यात. भेगांवर लांबी (पुट्टी) भरून वर छान आकाशी रंग दिला की पुढच्या अभियंत्याला ती भेग दिसत नाही, आणि मुले त्याच भिंतीला टेकून बसतात. गिलाव्यावरील केसासारख्या बारीक रेषांची चिंता करू नये, परंतु खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर किंवा खाली गेलेली, भिंतीच्या दोन्ही अंगांना दिसणारी भेग ही वेगळी गोष्ट आहे. अशा भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवून ठेवावी. काही दिवसांनी काच तडकलेली आढळली तर भिंत अजून हलत आहे. भिंतीला ओळंबा लावून पाहावा, पोट सुटले आहे काय ते पाहावे, हाताने ठोकल्यावर पोकळ आवाज येतो काय ते ऐकावे. यांपैकी काहीही आढळले तर रंगकाम थांबवून पालिकेच्या तंत्रज्ञाला बोलवावे आणि जमवलेला पैसा त्या भिंतीच्या बळकटीकरणाला द्यावा. भिंतीच्या दोन्ही बाजूंना कोपऱ्यांवर आणि पट्ट्यांच्या जागी लोखंडी जाळी आरपार बांधून वर सिमेंटचा थर देण्याची पद्धत नेपाळच्या अभियंत्यांनी २०१५ च्या आधीच अनेक शाळांत वापरली होती, आणि काठमांडूच्या खोऱ्यातील अशा शाळा त्या भूकंपात उभ्या राहिल्या.

भिंती सुस्थितीत असतील तर हौशी हातांना भरपूर कामे आहेत. पत्रा उडू नये म्हणून छपरावर ठेवलेले दगड काढून तेथे हुक-बोल्ट लावणे, कपाटे भिंतीला क्लॅम्पने जखडणे, वर्गाचे दार बाहेरच्या बाजूला उघडेल असे करणे, मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी पोहोचवणे. या कामांची छायाचित्रे फारशी चांगली येत नाहीत, एवढीच तक्रार.

प्रश्न : व्हिसा लागतो काय? माझा भाचा अमेरिकेचा नागरिक आहे, तोही येणार आहे. (एक वाचक, ठाणे)

भारतीय नागरिकाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, परंतु विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र जवळ असले पाहिजे. सर्वसाधारण प्रौढ व्यक्तीला केवळ आधार कार्डावर विमानात बसू देत नाहीत. भाच्याची गोष्ट वेगळी आहे. पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी व्यक्तीला नेपाळमध्ये परवानगीविना कोणतेही काम करता येत नाही, मग ते विनावेतन असले तरीही. ‘सगळेच असे करतात’ हे आयोजकाचे उत्तर ऐकून त्याला नेऊ नये.

प्रश्न : भारत सरकारच्या शाळाबांधणीत स्वयंसेवक म्हणून जाता येईल काय? (एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

नाही. भूकंपानंतर भारताने सुमारे सत्तर शिक्षणसंस्थांच्या इमारतींसाठी अनुदान दिले आणि त्यात रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तांत्रिक साहाय्य केले, पण ती कामे निविदा काढून ठेकेदारांमार्फत झाली. आपण स्थापत्य शाखेच्या विद्यार्थिनी असाल तर त्या संस्थेतील प्रशिक्षणाची चौकशी करणे अधिक फलदायी ठरेल.

प्रश्न : कोणत्या महिन्यात जावे? (एक वाचक, कोल्हापूर)

जून ते सप्टेंबर या काळात जाऊ नये; पावसाने दरडी कोसळतात, रस्ते बंद होतात आणि सिमेंटची पोती डोंगरावर पोहोचत नाहीत. ऑक्टोबरमध्ये, तिथीप्रमाणे थोडे मागेपुढे, दसैं (तेथील दसरा) आणि तिहारच्या (तेथील दिवाळीच्या) सुट्या येतात, गवंडी आपापल्या घरी जातात आणि काम जवळजवळ बंद राहते. तिहार संपल्यानंतर मार्चअखेरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्यास, तेथील शैक्षणिक वर्ष सुरू होते, त्यामुळे त्यापूर्वी खोल्या ताब्यात मिळाव्यात अशी शाळांची धडपड असते. थंडीत रात्री काँक्रीट सावकाश घट्ट होते, म्हणून पाणी मारण्याचे दिवस वाढवावे लागतील हे गृहीत धरूनच परतीचे तिकीट काढावे.