बहुमत असूनही बंधन का?

प्रश्न: लोकांनी निवडून दिलेल्या सरकारचा कायदा न्यायाधीश रद्द करतात, हे लोकशाहीत बसतं का?

उत्तर: बसतं. नागरिकशास्त्र शिकवताना मी हे ठासून सांगत असे. राज्यघटना सत्ता देते तशी तिची हद्दही आखते. अमेरिकेत १८०३ साली मार्बरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, कायद्यातली तरतूद घटनाबाह्य ठरवली. भारतात १९७३च्या केशवानंद भारती निकालाने तर घटनादुरुस्तीलाही मर्यादा घातली. १३ पैकी ७ न्यायाधीश म्हणाले, घटनेची मूलभूत चौकट संसदेला मोडता येणार नाही. निकाल काठावरचा, पण मला तो फार मोलाचा वाटतो. अल्पमतातल्या माणसाचं भाषणस्वातंत्र्य दर निवडणुकीच्या मतमोजणीवर टांगलेलं राहू नये. ब्रिटनची रीत वेगळी आहे. तिथे संसदेने केलेला कायदा न्यायालय रद्द करू शकत नाही.